जेरुसलेममध्ये वर्षभर ज्यू ग्रंथ शिकायचे असतील तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबातली पदवीधर मुलगी. सिनेगॉगमधली हिब्रू प्रार्थना झरझर म्हणता येते, अर्थ मात्र फारसा कळत नाही. जेरुसलेमला वर्षभर राहून तानाख (हिब्रू बायबल), मिश्ना (तोंडी परंपरेतल्या नियमांचं संकलन) आणि तालमूद (मिश्ना आणि तिच्यावरची चर्चा) शिकायचं आहे. संस्था कशी निवडावी, तयारी काय करावी, आणि आपण ज्यू म्हणजे नक्की कोण, याचं उत्तर तिथं मिळेल का?

शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण बाकीची तयारी त्यावर ठरते. अशा वर्षात मूळ ग्रंथ वाचायची रीत शिकवतात, आणि चांगली शिकवतात. पण कोकणातल्या ज्यूंचं काय, हा विषय बहुतेक ठिकाणी वेळापत्रकात नसतो. वर्गातली बरीच मुलं अमेरिकेची असतात. त्यांच्या चर्चा ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह, रिफॉर्म या ज्यू पंथांच्या चौकटींत चालतात. या चौकटी युरोप-अमेरिकेतल्या वादांतून घडल्या आणि बेने इस्राएलांची परंपरा त्या वादांतून घडलेली नाही. त्यामुळे ‘तू यांपैकी कोण?’ असं पहिल्याच आठवड्यात कुणी विचारलं, तर घाईनं एखादं नाव स्वतःला लावू नका. तुमच्या घरची सामग्री तुम्हालाच अभ्यासाच्या मेजावर आणावी लागेल. ती कशी आणायची ते पुढे सांगतो.

आधी निवड. जेरुसलेममधली पार्देस ही संस्था १९७२ पासून चालू आहे. तिथं स्त्री-पुरुष एकत्र शिकतात, मूळ ग्रंथ हिब्रू-अरामीत असतात आणि चर्चा इंग्रजीत होते. कॉन्झर्व्हेटिव्ह येशिवा (येशिवा म्हणजे ग्रंथाभ्यासाची शाळा) त्याच शहरात आहे. मातान ही १९८८ साली स्थापन झालेली संस्था स्त्रियांच्या उच्च धर्मग्रंथ-अभ्यासासाठी आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण मुलींसाठीच्या अनेक पारंपरिक संस्थांत तानाख, हलाखा (धर्मनियम) आणि नीतिपर ग्रंथ शिकवतात, तालमूद मात्र शिकवत नाहीत किंवा नावापुरता शिकवतात. माहितीपत्रकात ‘ग्रंथाभ्यास’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून अर्ज करण्यापूर्वी ईमेलवर थेट विचारा: आठवड्यात तालमूदचे तास किती? त्यांतले जोडीनं तयारी करण्याचे किती आणि शिक्षकांच्या व्याख्यानाचे किती? नवशिक्यांचा वेगळा गट आहे का? तयारीच्या वेळी अडलं तर मदतीला शिक्षक खोलीत हजर असतात का? हा चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. नवशिक्या जोडीला अडल्या ठिकाणी सोडवणारं कुणी नसेल, तर दोघंही तासभर चुकीच्या वाटेनं जातात आणि शिऊरमध्ये, म्हणजे शिक्षकांच्या तासाला, बसल्यावर त्यांना काहीच ओळखू येत नाही.

ज्यू नसलेले मराठी वाचकही हे विचारतात. त्यांच्यासाठी स्टॉकहोममधली पायदेया ही संस्था जास्त योग्य आहे. तिथं ज्यू आणि इतर असे दोघंही घेतले जातात, शिकवणं इंग्रजीत असतं आणि वळण अधिक विद्यापीठीय आहे. फक्त भाषा हवी असेल तर हिब्रू विद्यापीठाच्या रॉथबर्ग शाखेतला उन्हाळी उल्पान, म्हणजे हिब्रूचा भाषावर्ग, पुरतो.

आता तयारी. निघण्यापूर्वी किमान चार महिने हाताशी ठेवा आणि रोज पाऊण तास द्या.

आपल्याकडच्या मुलांचा पहिला अडसर ठरलेला आहे: प्रार्थना देवनागरी लिप्यंतरावरून पाठ झालेल्या असतात. कानाला त्या बरोबर असतात, पण लिप्यंतरात अक्षरांचे भेद पुसले जातात. तेत आणि ताव दोन्हींचा ‘त’ होतो, सामेख आणि सीन दोन्हींचा ‘स’, काफ आणि कोफ दोन्हींचा ‘क’. आलेफ आणि आयिन तर बहुतेकदा नुसत्या स्वरात विरून जातात. म्हणायला काही बिघडत नाही, पण शब्दकोश उघडला की गाडी अडते. हिब्रू शब्द तीन अक्षरी धातूवर शोधायचा असतो आणि त्यातलं एक अक्षर चुकलं की भलताच धातू हाती लागतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही: देवनागरी कागद बाजूला ठेवा, श्मा आणि अमिदा या मुख्य प्रार्थना हिब्रू सिद्दूरमधून (प्रार्थनापुस्तकातून) बघून हातानं उतरवून काढा, रोज पाच ओळी. पाठ असलेल्या प्रार्थनांत काही शे शब्द आधीच तुमच्या डोक्यात आहेत. त्यांचे धातू ओळखू येऊ लागले, की तुम्ही शून्यापासून सुरुवात करणाऱ्या वर्गमित्रांच्या बऱ्याच पुढे असाल. ही तुमची खरी पुंजी आहे, ती कमी समजू नका.

दुसऱ्या महिन्यात तानाखमधलं योनाचं पुस्तक घ्या. चार अध्याय, अठ्ठेचाळीस ओव्या, सरळ गद्य, शब्द पुन्हापुन्हा येणारे. किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, दुपारी ते सिनेगॉगमध्ये वाचतात, त्यामुळे कथा माहीत असते. रोज तीन ओव्या, प्रत्येक क्रियापदाचा धातू आणि बिन्यान (क्रियापदाचा साचा) वहीत लिहून. बिन्यान सात आहेत, पण योनात पाल आणि हिफिल ओळखता आले तरी निम्मं काम होतं.

तिसऱ्या महिन्यात मिश्नातल्या ब्राखोत (आशीर्वचनं) या ग्रंथाचा पहिला अध्याय. त्यात पाचच मिश्ना, म्हणजे परिच्छेद, आहेत. मिश्ना साधारण इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी येहुदा हनासी यांनी संकलित केली. तिची हिब्रू बायबलपेक्षा वेगळी आहे, वाक्यं तोकडी, आणि निम्मं गृहीत धरलेलं. चौथ्या महिन्यात राशी लिपी. ज्या टंकात राशी या मध्ययुगीन भाष्यकारांचं भाष्य छापतात तिला हे नाव पडलं. स्वतः राशी या लिपीत लिहीत नसत. आठवडाभर रोज अर्धं पान वाचलं की ती बसते. ही लिपी तिथं गेल्यावर शिकू असं म्हणणारे पहिल्या महिन्यात भाष्य वाचायचंच टाळतात, आणि टाळायची सवय मग लागून जाते.

आधुनिक हिब्रूचं काय, असं अनेक जण विचारतात. उल्पानमध्ये आलेफपासून वावपर्यंत सहा पायऱ्या असतात. बाजारहाट, बस, बँक यांसाठी आलेफ पुरते. पण बोलता येऊ लागलं म्हणजे तालमूद वाचता येईल, हा मोठा गैरसमज आहे. तालमूदच्या चर्चेचा मोठा भाग अरामीत आहे. दोन्ही एकदम झेपत नसतील, तर ग्रंथांची भाषा आधी घ्या.

तिथला दिवस साधारण असा जातो. आठवडा रविवार ते गुरुवार. सकाळचा मोठा पट्टा तालमूदचा: दोन तास हव्रुता, म्हणजे जोडीनं तयारी, आणि मग तास-सव्वा तास शिऊर. दुपारी तानाख, हलाखा, विचारपरंपरा. बेत मिद्राश म्हणजे शांत वाचनालय नव्हे. तीस-चाळीस माणसं एकाच खोलीत मोठ्यानं वाचत आणि वाद घालत असतात. आपल्याकडच्या अभ्यासिकेची सवय असलेल्याला पहिले दोन आठवडे डोकं उठल्यासारखं होतं. कानात बोळे घालू नका. आवाजात वाचणं हाच त्या पद्धतीचा पाया आहे. तालमूदच्या पानावर विरामचिन्हं नसतात. वाक्य कुठं संपतं, तो प्रश्न आहे की विधान, हे स्वरातून ठरवावं लागतं, आणि मनातल्या मनात वाचणारा ते ठरवायचं टाळतो.

पान कसं असतं ते आधीच समजून घ्या. आज सगळीकडे चालते ती मांडणी विल्ना आवृत्तीची, १८८० च्या दशकातली. मधे मिश्ना आणि गमारा (मिश्नावरची चर्चा), शिलाईच्या बाजूला राशी, बाहेरच्या बाजूला तोसाफोत (राशींनंतरच्या पंडितांच्या टिपा). एका पानाला दाफ म्हणतात, त्याच्या दोन बाजू. जवळजवळ प्रत्येक ग्रंथ पान २ पासून सुरू होतो, कारण शीर्षकपृष्ठ पान १ धरलं जातं. पहिलं पान गहाळ आहे असं समजून पुस्तक परत करायला जाऊ नका.

नवशिक्यांना बहुधा तालमूदमधल्या बावा मेत्सिया या ग्रंथाच्या आरंभीचा भाग देतात. दोघांनी एक वस्त्र धरलंय. हा म्हणतो मला सापडलं, तोही म्हणतो मला सापडलं. हा म्हणतो सगळं माझं, तोही तेच. मिश्ना सांगते: दोघांनीही आपला वाटा अर्ध्याहून कमी नाही अशी शपथ घ्यावी आणि वाटून घ्यावं. एक म्हणाला सगळं माझं आणि दुसरा म्हणाला अर्धं माझं, तर पहिल्याला तीन चतुर्थांश, दुसऱ्याला एक चतुर्थांश. गमारा लगेच विचारते, ‘मला सापडलं’ आणि ‘सगळं माझं’ ही दोन वाक्यं कशाला, एक पुरलं नसतं का? इथं नवखा वाचक वैतागतो, कारण त्याला निकाल कळलेला असतो. पण पुढची सगळी चर्चा या ‘कशाला’वर उभी आहे. सुरुवातीला दोन तासांत आठ-दहा ओळी झाल्या तर वेग चांगला आहे. वर्षात मोजकी पानंच होतील. याची लाज वाटू देऊ नका आणि भरभर जाणाऱ्या गटाचा हेवाही करू नका.

वहीत तीन उभे रकाने आखा. पहिल्यात शब्द आणि धातू. दुसऱ्यात बोलणारा कोण: मिश्नाकाळातला तन्ना की नंतरचा अमोरा. नावाआधी ‘रब्बी’ असेल तर तो तन्ना किंवा एरेत्स इस्राएलमधला (इस्रायलच्या भूमीतला) अमोरा, ‘राव’ असेल तर बहुधा बाबिलोनचा, एवढ्या एका खुणेनं बराच गोंधळ मिटतो. अमोरा तन्नाच्या विरुद्ध सहसा जाऊ शकत नाही. म्हणून कोण कुठल्या थरातला हे कळल्याशिवाय आक्षेपाचं वजन कळत नाही. तिसऱ्या रकान्यात चालीचं नाव: प्रश्न, उत्तर, पुरावा, आक्षेप, अनिर्णित. या चालींचे ठरावीक शब्द आहेत. ‘तनान’ आलं की मिश्नाचा दाखला, ‘तानू रब्बानान’ आलं की मिश्नाबाहेरचं तन्नांचं वचन, ‘ता श्मा’ म्हणजे पुरावा येतोय, ‘तेयुव्ता’ म्हणजे मत खोडून निघालं, ‘तेकू’ म्हणजे प्रश्न तसाच राहिला. असे चाळीसेक शब्द पाठ केले की चर्चेचा सांगाडा दिसू लागतो, मग तपशील अडले तरी चालतात.

भाषांतराबद्दल. सेफारिया या संकेतस्थळावर तालमूद इंग्रजी भाषांतरासह फुकट मिळतो. तिथल्या इंग्रजीत ठळक अक्षरं म्हणजे मूळ शब्दांचा अनुवाद आणि साधी अक्षरं म्हणजे स्टाइनसाल्त्झ या भाष्यकारांनी घातलेलं स्पष्टीकरण. बहुतेक जण दोन्ही एका दमात वाचतात आणि स्पष्टीकरणालाच तालमूद समजतात. मग हव्रुतेत वाद घालायला काही उरतच नाही, कारण मूळ मजकुरातला संदिग्धपणा आधीच कुणीतरी मिटवलेला असतो. नियम करा: पहिला तास भाषांतर बंद, फक्त यास्त्रोचा तालमूदसाठीचा शब्दकोश, मग राशी, आणि शेवटची दहा मिनिटं पडताळणीसाठी भाषांतर.

हव्रुता जुळणं हा नशिबाचा भाग नाही, त्यावर काम करावं लागतं. नेहमीचा बिघाड असा: एकाला भाषा जास्त येते, तो वाचतो, तोच अर्थ सांगतो, दुसरा मान डोलावतो. महिन्याभरात दुसऱ्याचा अभ्यास थांबतो आणि पहिला कंटाळतो. आपल्याकडची मुलं, विशेषतः मुली, समोरच्याला खोडून काढणं उद्धटपणाचं मानतात. तिथं गप्प बसणं हेच भागीदाराला वाऱ्यावर सोडणं धरलं जातं. तालमूदमध्येच याचं उदाहरण आहे, बावा मेत्सिया ८४ वर. रब्बी योहानानचा अभ्यासातला भागीदार रेश लाकिश वारला, तेव्हा रब्बी योहानानला नवा भागीदार दिला. तो प्रत्येक मताला आधार देणारं वचन सांगायचा. रब्बी योहानान म्हणाला, रेश लाकिश माझ्या एका मतावर चोवीस आक्षेप घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि त्यातून विषय विस्तारायचा; तू माझं बरोबर आहे एवढंच सांगतोस. हे पान पहिल्याच आठवड्यात जोडीनं वाचा आणि मग ठरवा: परिच्छेद आलटूनपालटून वाचायचा, आणि ज्यानं वाचला नाही त्यानं पहिला अर्थ सांगायचा. तीन आठवड्यांत जमलं नाही तर शिक्षकांना सांगून जोडी बदला. ते नेहमीचं आहे, कुणी मनाला लावून घेत नाही.

वेळापत्रकाचा एक सापळा. वर्ष बहुधा एलुल या हिब्रू महिन्यात सुरू होतं आणि लगेच पुढच्या तिश्री महिन्यातले सण येतात. अभ्यासाची घडी बसते न बसते तोच रोश हशाना, किप्पूर, सुक्कोत मिळून जवळजवळ तीन आठवडे विस्कळीत जातात. परतल्यावर खेश्वान महिन्यात एकही सण नसतो, पाऊस-थंडी सुरू होते आणि अनेकांचा धीर तिथंच सुटतो. सणांच्या सुट्टीत नवीन काही न घेता झालेली पानं मोठ्यानं वाचा. दर गुरुवारीही आठवड्याच्या पानांची खझारा, म्हणजे उजळणी, करा. शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ) बस जवळजवळ बंद असतात आणि दुकानं शुक्रवारी दुपारीच मिटतात. भाजी गुरुवारी आणा.

आता घरची सामग्री. बेने इस्राएलांचा मलिदा हा विधी घ्या: ताटात पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, सुवासिक फूल किंवा पाला, एलियाहू हनबी या संदेष्ट्याचं स्मरण, आणि प्रत्येक जिनसेवर ब्राखा (आशीर्वचन). मिश्ना ब्राखोतचा सहावा अध्याय झाडाचं फळ, जमिनीचं पीक, कशावर कुठली ब्राखा म्हणायची, याबद्दलच आहे. तालमूदमध्ये ब्राखोत ३७ वर तांदळाची चर्चा येते: कच्चा तांदूळ चावून खाल्ला तर जमिनीच्या पिकाची ब्राखा, दळून, भाजून, शिजवून खाल्ला तर वेगळी, मेझोनोतची (धान्याच्या पदार्थांची). मग पोहे कुठं बसतात? भात भिजवून, भाजून, चेपून ते होतात. दळलेले नाहीत, शिजवलेलेही म्हणावेत तर प्रश्नच आहे. तुमच्या घरी कुठली ब्राखा म्हणतात ते आजी-आजोबांना विचारून लिहून न्या आणि हे पान हव्रुतेसमोर ठेवा. अमेरिकेतल्या भागीदाराला पोहे काय ते समजावताना प्रक्रियेची प्रत्येक पायरी सांगावी लागेल, आणि हलाखेचा निर्णय नेमका त्या पायऱ्यांवरच ठरतो. सुवासाच्या ब्राखेसाठी त्याच ग्रंथाचं पान ४३ आहे.

बिरड्याचा सणही तसाच. तिशा बआव या मंदिराच्या नाशाच्या उपासाला हे नाव कोकणात वालाच्या बिरड्यावरून पडलं. मिश्ना तानीत ४:७ सांगते की तिशा बआवच्या आदल्या दिवशी दोन शिजवलेले पदार्थ खाऊ नयेत, मांस खाऊ नये, वाईन पिऊ नये. एकावरून दुसरं आलं असं लगेच ठरवू नका. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, तुमच्या घरी बिरडं नक्की कधी खातात, आदल्या दिवशी की उपास सोडताना, ते विचारा. पेसाहला, म्हणजे खमीर वर्ज्य असलेल्या सणाला, तांदळाचा वाद उठेलच, कारण अश्केनाझी (युरोपीय ज्यू) घरांत तांदूळ वर्ज्य आहे. तेव्हा पेसाहीम ११४ उघडा: सेदरच्या (पेसाहच्या रात्रीच्या विधीभोजनाच्या) दोन शिजवलेल्या पदार्थांत राव हुना बीट आणि तांदूळ सांगतो, आणि तांदळाला हामेत्स (खमीर) मानणारं रब्बी योहानान बेन नुरीचं मत कुणी पाळत नाही, असा निष्कर्ष राव आशी त्यावरून काढतो. अश्केनाझी निषेध मध्ययुगीन युरोपातला आहे. हे माहीत असलं की भात खाताना खजील व्हायचं कारण उरत नाही, आणि दुसऱ्याच्या रिवाजाला हिणवायचंही.

मराठी छापील परंपराही सोबत असू द्या. मुंबईत १८४६ साली मराठी अनुवादासह हग्गादा (सेदरला वाचायचं पुस्तक) छापली गेली. पुण्याच्या १८७४ च्या हग्गादेत मात्झा (बिनखमिरी रोटी) करणाऱ्या बायका साडीत दाखवल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. यांच्या प्रती डिजिटल रूपात मिळवून, एखाद्या ओवीचा त्यांनी केलेला अर्थ राशीच्या अर्थाशी ताडून पाहणं हा वर्षअखेरीच्या निबंधासाठी उत्तम विषय आहे.

ओळखीचा कठीण भागही टाळू नका. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या मुख्य रब्बीपीठानं बेने इस्राएलांशी विवाहापूर्वी वंशाची चौकशी करायचा आदेश काढला. त्याविरुद्ध आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचं मान्य झालं. हा इतिहास तिथल्या वर्गात बहुतेकांना ठाऊक नसतो. तुम्हाला नीट ठाऊक असावा, म्हणजे अज्ञानातून आलेला प्रश्न अपमान वाटणार नाही. दोन मोजमापंही वेगळी ठेवा: हलाखेत ज्यूपण आईकडून येतं, १९५० च्या परतीच्या कायद्यात, १९७० च्या दुरुस्तीनंतर, ज्यू व्यक्तीची मुलं आणि नातवंडंही येतात. अर्जात कुठलं मोजमाप लागू आहे ते न विचारता कागद जमवले की महिने वाया जातात.

कागदांत सर्वांत जास्त अडतात नावं. जन्मदाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं आणि केतुब्यावर (विवाहकरारावर) हिब्रू नाव, तिन्हींत आडनाव असेल-नसेल. आधी ही तिन्ही जुळवा, गरज असेल तर प्रतिज्ञापत्र करा. रब्बीचं पत्र मागितलं आणि गावात रब्बी नसेल, तर सिनेगॉग समितीचं सही-शिक्क्याचं पत्र चालेल का ते संस्थेला लेखी विचारा. दाखल्यांवर राज्य पातळीचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, याला वेळ लागतो. विद्यार्थी व्हिसा ए-२ प्रकारचा असतो. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथं बदलून घेऊ, असा बेत करू नका. मासा ही इस्रायल सरकार आणि ज्युईश एजन्सीची २००४ पासूनची योजना आहे. पात्र असाल तर तिचं अनुदान आणि संस्थेची स्वतःची शिष्यवृत्ती, दोन्हीकडे अर्ज करा. सुरक्षेची परिस्थिती झपाट्यानं बदलते, म्हणून तिकीट बदलता येण्याजोगं घ्या, आणि वर्ग ऑनलाइन गेले तर शुल्काचं काय होतं ते प्रवेश पक्का करण्यापूर्वी लेखी मागून घ्या.

तिथं असताना लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बेएर शेवा इथल्या मराठी बोलणाऱ्या घरांत शब्बाथ काढा. आजी-आजोबांच्या पिढीकडे मराठी कीर्तनं आणि मलिद्याचा क्रम अजून तोंडपाठ मिळतो; परवानगी घेऊन, शब्बाथ संपल्यावर, ध्वनिमुद्रण करा आणि कुणी, कुठल्या गावचं, हे त्याच रात्री लिहून ठेवा.

परतल्यावर अभ्यास टिकवायचा असेल तर हव्रुता फोनवर चालू ठेवा. इस्रायल आपल्यामागे हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच तास असतं. रविवार त्यांना कामाचा आणि आपल्याला सुट्टीचा, म्हणून रविवारची आपली रात्र आणि त्यांची संध्याकाळ ही वेळ दोघांनाही सोयीची पडते. आठवड्याला एक तास, एकच ग्रंथ, आणि तो शक्यतो वर्षभरात जिथं थांबलात तिथूनच पुढे.